पंधरा जोड्या

“जोड्या लावायच्या तर सगळ्या लाव, बाई. आवडीची एकच उचलून आणू नकोस.”

विमलाबाई हे वीसेक वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या, तेही फळ्याकडे तोंड करून. संख्याशास्त्राच्या त्या वर्गात अठ्ठावीस मुली होत्या आणि हे वाक्य नेमकं कुणाला उद्देशून होतं ते कुणालाच कळलं नव्हतं. मग आज सकाळी सव्वासहाला, बिबवेवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर, देवापुढे बसलेल्या भाग्यश्रीला ते का ऐकू यावं? आजच नव्हे, सलग चौथ्या दिवशी.

संकष्टी होती. एकवीस दूर्वा मोजता मोजता ती तिसऱ्यांदा चुकली. कधी एकोणीस भरत होत्या, कधी बावीस.

“बाप्पा दूर्वांची पोच देत नाहीत,” दत्तप्रसाद पेपरामागून म्हणाला. नवरा तसा सज्जन, पण सरळ बोलणं त्याच्या घराण्यातच नव्हतं. “दोन जास्त झाल्या तर परत करणार नाहीत ते.”

“तुम्ही चहा घ्या बरं,” ती हळूच म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

हात मोजत होते आणि मन सोमवारभोवती घिरट्या घालत होतं. सोमवारी तिने मेथीचा अहवाल पाठवला होता. अहवाल वेळेत गेला, सरांनी शाबासकी दिली, सगळं ठीक झालं होतं. तरी सोमवारपासून तिला एक घास गोड लागलेला नव्हता. दुधावरची साय काढताना, बसमध्ये खिडकीला डोकं टेकताना, काहीतरी राहून गेलंय असं वाटायचं. गॅस तर बंद केला होता, कुलूपही दोनदा ओढून पाहिलं होतं. मग राहिलं काय?

भाग्यश्री येरवड्याजवळच्या एका बियाणे संशोधन संस्थेत आकडेवारीचं काम करायची. शेतात कष्टणारी माणसं वेगळी होती. त्यांनी वजनं करून आणलेले कागद तिच्या टेबलावर यायचे आणि त्या कागदांतून खरं काय ते शोधणं तिच्याकडे असायचं. यंदा मेथीच्या सहा बियाण्यांची परीक्षा होती. चार संस्थेची, एक बाजारातलं आणि सहावं यमुनाबाईंचं. प्रत्येकाचे पाच वाफे, म्हणजे एकूण तीस. भाजी उपटायची, वाफ्यागणिक तोलायची आणि सरासरी काढायची.

सहावं बियाणं तिनेच आणलं होतं. यमुनाबाई मांजरीच्या. गाव महापालिकेत गेलं, आजूबाजूला बारा-बारा मजले उभे राहिले, पण त्यांचा दीड एकर अजून हिरवा होता. आठवड्यातून दोनदा त्या मंडईबाहेर पोतं अंथरून बसायच्या आणि भाग्यश्री नऊ-दहा वर्षं त्यांच्याकडूनच जुड्या घेत आली होती. पानं बारीक, देठ कोवळा, शिजल्यावर सगळ्या घरात दरवळ. “सासूच्या सासूपासनं हेच बी हाय,” त्या म्हणायच्या. “इकत आणलेलं बी आमच्या रानाला म्हाईतच न्हाई.” परीक्षेसाठी बियाणं मागितलं तेव्हा त्यांनी पदराच्या गाठीतून काढावं तसं जपून मूठभर दिलं होतं.

आणि निकाल? तो मंगळवारी संध्याकाळी तिने मंडईत उभ्या उभ्या सांगून टाकला होता. “मावशी, संस्थेचं चार नंबरचं बियाणं तुमच्यापेक्षा पुढे निघालं.”

यमुनाबाई जुडीला सुतळी बांधत होत्या. हात थांबले.

“म्हंजी आमचं कमी?”

“वाफ्यामागे किलोभर कमी.”

“नक्की?”

“आकडे तसं सांगतात.”

“आसं,” म्हणाल्या आणि सुतळीची गाठ मारली. मग विकायच्या राहिलेल्या चार जुड्या तशाच पोत्यात गुंडाळून उठल्या. कधी नव्हे ते त्या दिवशी त्यांनी भाग्यश्रीच्या पिशवीत वरची मूठभर कोथिंबीर टाकली नाही.

*

ऑफिसात दुपारचे डबे उघडले. भाग्यश्रीचा अर्थात नव्हता. ती आपली तांब्याचं फुलपात्र घेऊन खिडकीशी बसली होती. शेजारच्या टेबलावरची शेफाली दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून थेट इथे आलेली. ती हात हलवत कॅन्टीनमधून परतली.

“ताई, आज आपण दोघी सेम. माझाही उपास.”

“तुझा? संकष्टीचा?” भाग्यश्रीला खरंच आनंद झाला.

“म्हणजे काय झालं, डबा घरीच राहिला. कॅन्टीनमध्ये गेले तर पोळ्या संपलेल्या. म्हटलं, चला, संकष्टी आहेच तर उपासच धरू. फ्रीमध्ये पुण्य.”

“अगं, उपास असा मागून नाही लागू होत.”

“का नाही? सकाळपासून पोटात काही गेलेलं नाही. फॅक्ट आहे.”

“ते खरंच गं. पण सकाळी संकल्प केला होतास का? पाणी सोडलं होतंस? डबा आणला असतास तर काय केलं असतंस?”

“खाल्ला असता! मटारची उसळ होती, ताई. आईने ओलं खोबरं घातलेलं,” शेफालीचा चेहरा खरोखर उतरला.

“मग? उपाशी राहिलीस हे खरं, पण उपास केलास हे खरं नाही. आधी ठरवायचं आणि मग पाळायचं. घडून गेल्यावर त्याला...”

भाग्यश्रीचं वाक्य तिथेच थांबलं. तिने फुलपात्र खिडकीत ठेवलं.

“काय झालं? चक्कर येतेय का? साबुदाणा आणू?”

“नको,” ती म्हणाली. “तू बस जरा.”

चार दिवस जे टोचत होतं ते आता समोर येऊन बसलं होतं. गेल्या आठवड्यात तिने काय केलं होतं? पहिल्यांदा अनोव्हा. सहा बियाण्यांच्या सरासऱ्यांत फरक आहे की नाही एवढंच तो सांगतो. आहे, म्हणाला. पण कुणाकुणात आहे, हे तो सांगत नाही. ‘घरात कुणीतरी रुसलंय’ एवढं सांगून गप्प बसणाऱ्या शेजारणीसारखाच त्याचा स्वभाव. कोण रुसलंय ते शोधायला पुढे दोन-दोन बियाण्यांच्या जोड्या लावून पाहाव्या लागतात. सहांच्या जोड्या पंधरा होतात. पण त्या दिवशी शुक्रवार होता, पाच वाजत आले होते, सर दोनदा डोकावून गेले होते. तिने सहा सरासऱ्या कागदावर लिहिल्या, त्यांवर नजर टाकली. दोन नंबरचं बियाणं तर पडलेलंच होतं, आठ किलोच्या आसपास. उरलेल्या पाचांत सगळ्यात वर चार नंबर, अकरा किलो आठशे. सगळ्यात खाली यमुनाबाई, दहा किलो सातशे. तिने ही एकच जोडी उचलली, एकच कसोटी लावली. फरक खरा मानायला एकाच जोडीला लागतो तेवढा उंबरा होता नऊशे ऐंशी ग्रॅमचा. फरक एक किलो शंभर ग्रॅमचा. ओलांडला! ‘सरस’ असं तिने अहवालात लिहिलं आणि सहाची बस पकडली.

एक जोडी, एक कसोटी, मग चुकलं कुठे? इथेच तर चुकलं होतं. ती जोडी तिने पेरणीआधी ठरवलेली नव्हती. आकडे बघून, त्यांतली सगळ्यात लांबची दोन टोकं निवडून, मग म्हटलं होतं की मला हीच जोडी तपासायची होती. डबा राहिला म्हणून उपास.

“शेफाली,” ती हळू आवाजात म्हणाली, “पंधरा जोड्या लावल्या, प्रत्येकीला विसांत एकदा चुकायची मुभा दिली, तर सगळ्या मिळून काय होतं?”

“कुठेतरी एखादा खोटा फरक दिसणारच ना. सहा ग्रुप असले तर तिनातून एकदा तरी. म्हणून तर टुकीची कडक कसोटी लावतात. तुम्हीच शिकवलंत मला!”

“आणि पंधरा डोळ्यांनी पाहिल्या, पण कागदावर एकच लावली तर?”

शेफालीने डोळे बारीक केले. “ते तर चीटिंग झालं, ताई. पाहिल्या म्हणजे लावल्याच.” आणि मग काहीतरी उमगून तिने भाग्यश्रीच्या टेबलावरच्या अहवालाकडे पाहिलं.

भाग्यश्रीने संगणक सुरू केला. तीस वाफ्यांची तीस वजनं पुन्हा पुढ्यात घेतली आणि पंधराच्या पंधरा जोड्या कडक कसोटीने लावल्या. एकेक जोडी ती कागदावर हाताने उतरवत होती, मनातल्या मनात नाव घेत. एक आणि दोन, फरक आहे. एक आणि तीन, नाही. एक आणि चार, नाही. नवा उंबरा एक किलो चारशे ऐंशीचा होता. चार आणि सहा, फरक किलो शंभर. नाही.

पंधरातल्या पाच जोड्यांत फरक टिकला आणि त्या पाचही जोड्यांत दोन नंबर होता. उरलेल्या पाच बियाण्यांना एकमेकांहून वेगळं म्हणायला जागा नव्हती. अनोव्हाने म्हटलं ते बरोबर होतं, रुसलेलं माणूस एकच होतं. तिने भलत्याच माणसाकडे बोट दाखवलं होतं.

*

आमोद सर तिच्याहून सहा वर्षांनी लहान, पण प्रकल्पाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. घाईत मात्र नेहमी असायचा. त्यांच्या टेबलावर पुढच्या आठवड्यातल्या शेतकरी मेळाव्याच्या पुस्तिकेचा कच्चा नमुना पडला होता आणि वरच जाड अक्षरांत छापलेलं होतं, ‘चार नंबर, घरच्या बियाण्यापेक्षा सरस.’

तिने कागद पुढे ठेवला आणि दोन वाक्यांत सांगितलं. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. सरांना ऐकायला पुढे वाकावं लागलं.

“भाग्यश्रीताई, निम्मं जग साधी कसोटीच लावतं. अनोव्हा पास आहे ना? मग झालं.”

“साधी लावायची असं आधी ठरवलं असतं तर चाललं असतं, सर. पेरणीआधी आपण आराखड्यात लिहिलंय, सगळ्यांची सगळ्यांशी तुलना, कडक कसोटीने. तिसरं पान. मीच टाइप केलंय.”

“आराखडा कोण वाचतंय!”

“मी वाचायला हवा होता.”

सरांनी खुर्ची मागे ढकलली. “बरं, पण नुकसान काय झालं? चार नंबर चांगलंच बियाणं आहे. सरासरी जास्त आहे हे तर खोटं नाही? कुणी विष नाही खाणार त्याने.”

“सरासरी जास्त आहे. पुन्हा पेरलं तर जास्तच येईल, हे आपल्याला माहीत नाही. आपण माहीत आहे म्हणालो.”

“पुढच्या हंगामात करू की दुरुस्ती. पुस्तिका छापायला गेलीये. तुम्ही एक टिपण करून ठेवा, सोमवारी बघतो.” आणि जरा हसून, “आज उपास आहे ना तुमचा? उपाशीपोटी माणसाला सगळंच गंभीर वाटतं.”

“हो, सर,” ती म्हणाली. हे कशाला ‘हो’ होतं, ते सरांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

बाहेर येऊन ती जिन्यात उभी राहिली. सोमवारपर्यंत थांबायला हरकत नव्हती. पण यमुनाबाई? मंगळवारी त्या पोतं गुंडाळून उठल्या, तेव्हाचा त्यांचा चेहरा डोळ्यापुढून हलेना. तिने फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा नातवाने, सार्थकने उचलला.

“आज्जी टेरेसवर आहे. मेथ्या वाळवतेय. थांबा हं. आज्जेऽ! मंडईच्या मॅडम!”

“कसल्या मेथ्या?” भाग्यश्रीने विचारलं, पण फोन जिने चढू लागला होता.

“कोन? भाग्यश्री व्हय? बोल.”

“मावशी, मेथ्या कशाला वाळवताय?”

“लाडवाला. नात संस्कृती माहेरपनाला आलीया, नववा लागलाय तिला. बाळंतिनीला मेथीचं लाडू नगं व्हय? यंदा इकत आनायच्या न्हाईत म्हनलं. डब्यात बियाचं चार शेर व्हतं, तेच काढलं.”

“बियाणंच? पेरायला ठेवलेलं?”

“पेरून काय करू? तूच म्हनलीस न्हवं, कमी हाय म्हनून. पोरगा तर कवापासनं मागं लागलाय, इकतचं आन. मी त्याला म्हनायचे, माझं बी सरस हाय. आता त्यो मला इचारतो, ‘आये, मॅडमनी काय सांगितलं?’ काय बोलू? रानात बियाला सोडल्यालं दोन वाफं बी काल उपटलं. गाईला घातलं.”

म्हणजे सासूच्या सासूपासूनचं सगळं बियाणं आता गच्चीवर एका चादरीवर पसरलं होतं.

“मावशी, ऐका. माझी चूक झाली. तुमचं बियाणं कमी आहे असं म्हणता येत नाही. मी तपासायला चुकले.”

पलीकडे मेथ्यांवरून हात फिरल्याची सळसळ आली.

“मावशी?”

“मंगळवारी कमी म्हनलीस. शुक्रवारी न्हाई म्हनतीस. सोमवारी काय म्हनशील?” आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि तोच जास्त लागला. “फोनवरचं मला कळत न्हाई, बाई. कमी म्हनायला समोर हुबी राहिलीस. आता बी समोर हुबी राहून बोल. पोरासमोर बोल.”

“दळायला कधी टाकणार?”

“गिरनीवाला कडू दळान शेवटाला घेतो. समद्यांचं पीठ झालं की. पाच-साडेपाचला सार्थक घिऊन जाईल.”

“मी येते. आज. पाचच्या आत.”

“उपासाची हायस ना? संकष्टी हाय आज. येरवड्यावरनं हितवर येशील?”

“येते, मावशी. तोवर मेथ्या दळायला पाठवू नका.”

“सबूद देतीस?”

“दिला.”

“बरं,” यमुनाबाई म्हणाल्या. “पाच वाजंस्तोवर थांबते. त्यापुढं न्हाई. पोरीचं लाडू बी व्हायाला पायजेत.”

*

टेबलाशी परतून तिने टिपण लिहिलं. फिरवून-फिरवून लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं. ‘अहवालाच्या नवव्या पानावरचे “सरस” हे विधान चुकीचे आहे. सरासऱ्या पाहून झाल्यावर मी एकच जोडी निवडून तपासली. आराखड्याप्रमाणे पंधराही जोड्या तपासल्यावर, दोन नंबर सोडून उरलेल्या पाच बियाण्यांत फरक सिद्ध होत नाही. चूक माझी आहे. पुस्तिकेची छपाई थांबवावी, ही विनंती.’ खाली पंधरा जोड्यांचा तक्ता जोडला. सोमवारी अहवाल ज्या ज्या पत्त्यांवर गेला होता, ते सगळे पत्ते तिने एकेक करून घातले, संचालकांचाही. नुसतं सरांना पाठवणं म्हणजे पुन्हा आवडीची एकच जोडी उचलणं झालं असतं. तिने बटण दाबलं.

मग अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज. मग पदर खोचला, पिशवी घेतली.

“ताई, मी येऊ?” शेफालीने विचारलं.

“नको गं. तू काहीतरी खाऊन घे.”

“उपास मोडेल ना माझा,” शेफाली म्हणाली. दोघी हसल्या आणि त्या हसण्याने भाग्यश्रीच्या छातीवरचं थोडं सैल झालं, सगळं नाही.

दारात आमोद सर उभे होते, हातात मोबाईल. चेहरा वाचता येत नव्हता.

“पत्र वाचलं. संचालकांनाही गेलंय ते.”

“अहवाल जिथे गेला, तिथे सगळीकडे गेलंय, सर.”

“मी सोमवारी बघतो म्हणालो होतो.”

“हो. पण गिरणी आज आहे.”

“कसली गिरणी?”

तिने सांगितलं. चार शेर, चादर, लाडू, पाच वाजता. सर ऐकत गेले, मधेच त्यांनी कपाळ चोळलं.

“मला हे रुचलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले. “ह्यावर आपण बोलणार आहोत, नीट.”

“बोलू, सर.”

“आणि मांजरीच्या बसच्या नादी लागू नका. ती तिचा मुहूर्त बघून येते. मुंढव्यापर्यंत शेअर रिक्षा करा, पूल ओलांडला की पुढे दुसरी मिळेल.” एवढं बोलून ते आत वळले, छापखान्याचा नंबर शोधत की दुसरा कुणाचा, ते तिला दिसलं नाही.

रस्त्यावर ऊन होतं. चौकातली रिक्षा अर्धीच भरलेली. पुढे एक दुधाच्या किटल्यांवाला, मागे कॉलेजातली एक मुलगी. भाग्यश्री कडेला बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. घड्याळात अडीच वाजले होते. पोटात सकाळपासून फक्त पाणी.

काय सांगायचं? ‘तुमचं बियाणं सरस आहे,’ असं म्हणून मोकळं व्हावं, यमुनाबाईंचा चेहरा फुलेल, मुलगा गप्प बसेल. पण तेही तपासलेलं नव्हतं. एका खोट्यावर दुसरं, गोड खोटं कशाला ठेवायचं? ‘कमी आहे असं मी म्हणाले, ते मला म्हणता येत नव्हतं. जास्त आहे असंही म्हणता येत नाही. एवढंच खरं आहे, मावशी, आणि तेवढ्यासाठी मी आले.’ हे ऐकून त्या डबा परत भरतील का? की ‘एवढंच?’ म्हणून गिरणीकडे पाठवतील? तिला माहीत नव्हतं. ते ठरवणं त्यांचं होतं.

“अजून एक सीट झाली की निघू,” रिक्षावाला तंबाखू मळत म्हणाला.

दोन मिनिटं गेली. तिसरंही गेलं. कुणी येईना.

भाग्यश्री खाली उतरली. “पुलापर्यंत चालत जाते, दादा, पुढे दुसरी मिळेल,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की त्याने ‘काय?’ म्हणून मान वळवली, तोवर ती डोक्यावर पदर घेऊन, झाडांच्या सावलीची कड धरून, मुंढव्याच्या दिशेने चालू लागली होती.